एसीतली बुरशी

हे गेल्यावर वर्षभराने एसी लावला, तर कुबट वास सुटला. मेकॅनिकने तो उघडून आतली काळी बुरशी दाखवली. “आजी, गार झालं की लगेच बंद करत होता ना? ओल आतच राहते.”

म्हणजे ही माझीच करणी! पन्नाशीपासून मी स्वतःला भारी हुशार समजायचे. दुपारी ह्यांचा डोळा लागला, की बिल वाचवायला हळूच एसी बंद.

घामाघूम होऊन हे विचारायचे, “लाईट गेली का गं?”

“आत्ताच गेली हो!”

डोक्यावर पंखा गरगरत असायचा, तरी हे हसून मान डोलवायचे.

धुतलेल्या एसीतून गार वारा आला. बंद करायला बोटं शिवशिवली. पण आनंदाने फसणारं माणूस आता घरात नव्हतं.