काचेवरचं मेंढरू

दौंड स्टेशनाबाहेरच्या गाळ्यात आधी मी जुने रेडिओ-टीव्ही घेऊन, दुरुस्त करून विकायचो. पुढे पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून घासाघीस करून तीन कॉम्प्युटर उचलले आणि सायबर कॅफे काढला. इंटरनेट फोनच्या लाईनीवर चालायचं. एक चित्र पुरतं उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

गिऱ्हाईक आत यावं म्हणून मी एक युक्ती केली. इंटरनेटवर सापडलेल्या अजब गोष्टी छापून दर गुरुवारी दाराच्या काचेला चिकटवायचो. चौकोनी कलिंगड, दोन तोंडांचं कासव, छप्पर खाली आणि पाया वर असं बांधलेलं घर. गाडीला वेळ असलेली माणसं थांबायची, हसायची, त्यातली दोन-चार आत यायची.

एका गुरुवारी मेंढराचं चित्र लावलं होतं. परदेशात कुठंतरी कळपातून चुकलेलं, सहा वर्षांनी डोंगरात सापडलेलं. लोकर इतकी वाढलेली की पाय दिसत नव्हते, तोंडही जेमतेम. काचेपुढे हशा चालला होता. त्या घोळक्यात आबा उभे होते, माझे वडील. बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन शिरूरकडच्या आमच्या गावाहून आले होते.

पाच वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. भटकंती सोडून जमिनीवर स्थिरावायचं म्हणून त्यांनी मेंढरांचा कळप विकायला काढला, तेव्हा ठरलेला भाव मी वाढवून आणला होता. व्यापाऱ्यासमोरच ते म्हणाले, पोरानं मधी बोलू नये, शब्द दिलाय. मी त्याच दिवशी घर सोडलं. पण माझा खरा राग त्या अपमानाचा नव्हता. मला शोधायला घरातलं कोणी आलं नाही, याचा होता.

आबा हसत नव्हते. वर्षातून दोनदा मेंढरं कातरणारा, रोज संध्याकाळी एकेक मोजून जाळीच्या कुंपणात घेणारा माणूस तो. त्यांनी चित्रावर बोट ठेवून मला विचारलं, "किती वरसं?"

"सहा."

"बसलं तर उठता येत नसंल त्याला. डोळ्यावर लोकर आलीया. सहा वरसं कुणी हुडकलं न्हाई व्हय?"

माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांशी मी पुणेरी बोलायचो. त्या क्षणी गावचीच बोली तोंडात आली.

"पाच वरसं मी हितं हाय, आबा. मला हुडकाय कोण आलं?"

आबांनी समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं.

"आलतो की. पयल्याच दिवाळीला. तितं हुबा हुतो. तू एका रेडिओवरनं कुणाशी तरी भांडत हुतास. म्हटलं, आवाज खणखणीत हाय, म्हंजी पोटाला मिळतंय. गेलो माघारी."

"हाक मारायची हुती."

"बिथरलेल्याच्या मागं लागलं की लांब पळतंय ते."

ते खरं आहे. पण मागं लागायचं नसलं, तरी मेंढराला दिसेल असं उभं राहायचं असतं, हेही लहानपणी माळावर आबांनीच मला शिकवलं होतं. ते मी त्यांना बोललो नाही. पत्रिका घेतली. ते गाडीला गेल्यावर काचेवरचं चित्र काढून टाकलं. गुरुवारची नवी चित्रं पुढेही लावली, पण जनावराचं पुन्हा लावलं नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी गावी गेलो. मांडववाल्याशी अंगणात माझी चांगलीच जुंपली. तो कनातींचा भाव सोडेना, मी आवाज खाली आणेना. बोलता बोलता नजर वर गेली. आबा समोरच्या लिंबाखाली, मला दिसतील असे उभे होते. मधे बोलले नाहीत.

राग पुरता गेला असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी मांडववाल्याला मी चहा पाजून सोडला.