गोजाबाईच्या अकरा जास्वंदी

आमच्या चाळीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गोजाबाई मसणातली मडकी घरी आणते! चितेभोवती फेरे घालताना ज्या मडक्याला दगडानं भोकं पाडतात ना, तीच. त्यात ती जास्वंद लावते आणि फुलं मोरया गोसावीच्या देवळापुढं विकते. तिच्या शेजारच्या खोलीतल्या सोजराबाई हे सांगायच्या तेव्हा आवाज एकदम खाली न्यायच्या, डोळे मोठे करायच्या आणि शेवटी पदराचं टोक तोंडाशी धरायच्या. "म्या न्हाई म्हनत, बया. लोकं म्हंत्यात." लोकं म्हणजे त्या एकट्याच.

खरं असं, की ते मडकं तिथंच खांद्यावरून मागं टाकतात आणि त्याच्या खापऱ्या होतात. आणायचं काय? गोजाबाई तर म्हणाली होती, "मसनात बाईमानसाला नेत्यात व्हय गं? आमच्या ह्यांच्या टायमाला मला उंबऱ्यातच धरून ठिवली. मडकं कसं फोडत्यात त्ये म्या अजून बघितलं न्हाई." नवरा चाकणकडच्या दगडखाणीत सुरुंगानं गेला. त्यानंतर ती चिंचवडात आली, आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीत.

तिची तीन मडकी कुंभाराकडची, भट्टीत तडकलेली. बाकीचे आठ तेलाचे रिकामे डबे, स्टेशनाजवळच्या हनीफभाईंच्या दुकानातले. हनीफभाई कपाळाला हात लावायचे. "गोजाबाई, बाकीचं गिऱ्हाईक डबा गळतो म्हणून माझ्या अंगावर धावून येतं. तुम्ही मात्र चांगला डबा निवडून नेता आणि घरी जाऊन भोसकता!"

भोसकायचीच. मोठा खिळा आणि खलातला बत्ता. "आतनं भाईर हान," मला शिकवायची. "भाईरनं हानलं तर आत पत्र्याचा ओठ उभा ऱ्हातो. त्याच्या भवती पानी बसतं आन् मुळी कुजती." भोकावर खापरीचा तुकडा पालथा, म्हणजे माती वाहून जात नाही. वर विटेचे खडे, नदीची वाळू, मग माती. डब्याखाली दोन विटा, म्हणजे भोक फरशीला चिकटत नाही. चाळीच्या अंगणात सगळी फरशीच होती, रोप लावायला बोटभर माती नव्हती. त्या अकरा जास्वंदींवर तिचं पोट चालायचं. दुसरं काहीच नव्हतं.

छप्पन साली आषाढात सोजराबाईंची सून रुक्मिणी आठव्या महिन्यात होती. तिचं पहिलं मूल सहाव्या दिवशी गेलेलं. सोजराबाई सकाळी दार उघडायच्या आणि किंचाळायच्या, "परत त्येच! पोटुशी बाय भाईर आली की समोर भोकाचं मडकं! आवो मालक, ऐकताय का?"

मालकांनी, म्हणजे यशवंतरावांनी, ऐकलं. ते आले, चष्मा वर सरकवला आणि नाकातून बोलले, "हे पाहा गोजाबाई, माझा यावर काडीचा विश्वास नाही. काडीचा! पण चाळीत एकोपा हवा. भोकं बुजवा, नाहीतर खोली सोडा." विश्वास नसलेल्या या माणसानं डांबराचा डबा मात्र बरोबरच आणला होता.

मला वाटलं, आता गोजाबाई त्यांचं सगळं खानदान काढणार. देवळापुढं कुणी फुकट फूल उचललं तरी ती काढायची. पण तिनं रुक्मिणीकडं पाहिलं. रुक्मिणी चौकटीला धरून उभी होती, मडक्यांकडं पाठ करून.

"पोरीच्या पोटात जीव हाय," गोजाबाई म्हणाली. "म्या अडून बसले आन् काय इस्कोट झाला तर?"

एकेक डबा कलता करून तिनं आपल्याच हातानं डांबर लावलं. अकराही भोकं बुजली.

मग झड लागली. तीन दिवसांत डबे काठोकाठ भरले. गोजाबाई रोज सकाळी प्रत्येक डबा कवेत घेऊन वाकडा करायची आणि पाणी ओतायची. वरचं जायचं, तळातलं तसंच राहायचं. आठवड्याभरात कळ्या न उमलताच गळू लागल्या. पानं पिवळी पडली. उघडीप झाली तशा सोजराबाई दारातून म्हणाल्या, "अगं पानी घाल की त्यांला! पानं बघ कशी सुकल्यात!" गोजाबाईनं मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि माझ्या नाकापुढं धरलं. गटारीचा वास.

"भोकं पाड ना मावशी," मी म्हणाले. "त्यांना काय दिसतंय?"

"मला दिसतंय की," ती म्हणाली. "पोरगी मोकळी होऊ दे आदी."

नागपंचमी झाली आणि रुक्मिणीला कळा सुरू झाल्या. मुलगा होता. मेलेलाच आला. सोजराबाईंचे सगळे आवाज मला काढता येतात. त्या दिवशीचा मी कधी काढून पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी गोजाबाई डब्यांजवळ बसली होती. मी म्हणाले, "मावशी, आता तरी त्यांना कळेल. भोकं बुजलेली होती, तरीसुद्धा झालं. म्हणजे मडक्यांचा काही संबंधच नव्हता. आता तुला पाडू देतील."

"न्हाई देनार."

"देतील गं!"

"लाव पैज," ती म्हणाली. हसली वगैरे नाही. "दिली पाडू, तर पयलं फूल तुज्या येनीत, देवाच्या आदी. न्हाई दिली, तर माज्या समद्या जास्वंदी थेरगावला भावजयीकडं पोचवायच्या. डोक्यावरनं."

"लावली. पण नाही म्हणायला ते कारण काय सांगतील?"

"म्हनतील, उशिरा बुजवली."

दुसऱ्याच दिवशी यशवंतराव आले. चष्मा सरकला. "हे पाहा, माझा काडीचा..." त्यांचं वाक्य पुरं झालंच नाही. सोजराबाई दारात आल्या होत्या. रडून रडून घसा बसलेला, शब्द नुसते घासत येत होते. "येळंवर बुजवली असती तर माजा नातू वाचला असता. उशिरा बुजवली हिनं. उशिरा बुजवली."

यशवंतरावांनी आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं.

मी गोजाबाईकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बत्ता आणि खिळा घेऊन ती डब्यांशी बसली आणि आता कुणाची पर्वा न करता एकेकाचं डांबर खरवडून काढू लागली. काळं पाणी फरशीभर पसरलं. मग एकेक जास्वंद मातीसकट उपसून तिनं मुळं पाहिली. काळी पडलेली मुळी बोटात धरली की सालपट हातात यायचं. दोन रोपांना तेवढी थोडी पांढरी मुळी उरली होती. ती तिनं पुन्हा डब्यांत लावली, खापरी, खडे, वाळू सगळं नीट घालून. बाकीची नऊ भिंतीशी रचून ठेवली.

थेरगावला मी दोन खेपा केल्या. पैज अकरांची होती, मला दोनच न्याव्या लागल्या.