माशांचा सोमवार

दौंडच्या घरी मी हौसेनं काचेची टाकी मांडली आणि सहा एंजल मासे सोडले. महिन्यात चार गेले. मासे काचेशी आले की मला राहवायचं नाही, मी चिमूटभर खाणं टाकायचोच. उरलेलं तळाशी कुजायचं आणि पाणी गढूळ व्हायचं.

वरवंडहून माझे वडील, आबा, मुक्कामाला आले होते. ते सोमवार कडक पाळायचे. त्यांनी जाहीर केलं, "सोमवारी ह्यांनाबी उपास."

"आबा, मासे कुठं उपास करत्यात?"

"तुझ्यापरीस बरा करतील. तू साबुदाण्याच्या दोन ताटल्या हाणतोस."

सोमवारी आबा अंघोळीला गेल्यावर मी चोरून दाणे टाकले. वळलो तर दारात आबा, ओल्या पंच्यात.

"हात दाव."

बोटांना भुकटी चिकटलेली होती. त्यांनी डबा उचलला आणि देव्हाऱ्यात, महादेवाच्या पिंडीमागं ठेवला. तिथून काढायची माझी काय बिशाद! पुढं आबाच दिवसातून एकदा खाणं घालू लागले. पाणी निवळलं, दोन्ही मासे जगले.

आता आबा नाहीत. टाकीत मासेही नवे आहेत. आज सोमवार, सगळे काचेशी येऊन माझ्याकडं बघतायत. डबा अजून पिंडीमागंच आहे, आणि माझे हात पाठीमागं.