एकोणीस नंबरला वायरच नव्हती

आमच्या घरात भुताखेताचं नाव काढलेलं चालत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा, अंगारा, अंगात येणं, सगळं घराबाहेर गेलं. वडील बिदर जिल्ह्यातल्या, भालकी तालुक्यातल्या मेहकरला शाळेत मास्तर होते. आमच्या भालकी भागात कुणाच्या घरी भानामती झाली, दोरीवरचे कपडे आपोआप पेटले, असं कानावर आलं की ते सायकल काढून तिथं जायचे आणि रॉकेलचा वास कुठून येतोय ते हुंगत फिरायचे. बहुतेक वेळा सापडायचाही. मी त्यांचा मुलगा. वर मेकॅनिकल इंजिनिअर, सतरा वर्षं बॉयलरवर काढलेली. आकडा वर गेला तर तो कशानं गेला हे सापडलंच पाहिजे... नाही सापडलं तर आपण नीट शोधलं नाही, एवढंच मला माहीत.

म्हणून हे लिहायला मी दोन हंगाम टाळाटाळ केली. वाचून तुम्हाला भीती वाटेल की नाही सांगता येत नाही. मला लिहिताना अजून रागच येतो.

जागा सांगतो. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरचा एक खाजगी साखर कारखाना. नाव लिहीत नाही, माझ्या ओळखीची माणसं अजून तिथं नोकरीला आहेत. मी तिथं बॉयलरचा मेंटेनन्स बघायचो. बॉयलर वॉटर-ट्यूब पद्धतीचा, म्हणजे नळ्यांच्या आत पाणी आणि बाहेर जाळ. जळण म्हणजे उसाचा रस काढून उरलेला चोथा, बगॅस.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाण्याची जी वाफ होते ती ओलसर असते. ती तशीच टर्बाइनला दिली तर टर्बाइनची पाती खराब होतात. म्हणून ती वाफ पुन्हा जाळाच्या वाटेत टांगलेल्या नळ्यांतून फिरवून कोरडी आणि जास्त गरम करतात. याला सुपरहीटर म्हणतात. गंमत अशी की या नळ्यांना थंड ठेवणारी गोष्ट म्हणजे त्यांच्यातून वाहणारी तीच वाफ. एखाद्या नळीत वाफ कमी गेली की ती नळी तापते, मऊ पडते, फुगते आणि फुटते.

आमच्या सुपरहीटरला चोवीस कॉईल, म्हणजे वळणं घेत जाणाऱ्या नळ्या, होत्या. सगळ्यांना वाफ वाटून देणारा एक जाड आडवा पाइप असतो, हेडर. आमच्याकडं वाफ हेडरच्या एका टोकानं शिरायची आणि त्याच बाजूनं बाहेर निघायची. त्यामुळं जवळच्या कॉईल पोटभर जेवायच्या आणि लांबच्या उपाशी. त्यातही एकोणीस नंबर भर जाळाच्या तोंडाशी, म्हणून तिचे हाल सगळ्यात जास्त.

मी नवं ड्रॉइंग केलं होतं. वाफ मधून आत घ्यायची, जवळच्या कॉईलच्या तोंडाशी बारीक भोकाच्या चकत्या बसवून त्यांचा वाटा आवरायचा, आणि टोकाच्या आठ कॉईल चांगल्या मिश्रधातूच्या करायच्या. यात काही जगावेगळं नव्हतं. जनरल मॅनेजर साहेबांनी ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं... खरंच उलटं... आणि म्हणाले, "पुढच्या ऑफ-सीझनला बघू." असं तीन ऑफ-सीझन.

माझ्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, मल्लीअण्णा. मुडबी गावचे, शेतकरी घरातले, बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास झालेले. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला सर म्हणायचे. त्यांच्या खिशात कायम निळ्या काचेचा तुकडा असायचा. तो डोळ्याला लावून, वरच्या प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या दारातून ते आतला जाळ बघायचे.

"सर, हे धरा डोळ्याला आन् बघा," एकदा मला म्हणाले. "बाकीची सगळी काळी हायत. एकोणीस नंबर लाल दिसायलीय. हे बरं लक्षण न्हाई."

मी ते लॉगबुकात लिहिलं. साहेबांची त्यावर सही आहे. वाचलं का नाही ते साहेबांनाच ठाऊक.

त्याच हंगामात, भर दुपारी, अण्णा त्या दाराशी उभे असताना एकोणीस नंबर फुटली. वाफ आणि जाळ दोन्ही दारातून बाहेर आले. अण्णा नऊ दिवस दवाखान्यात होते. दहाव्या दिवशी गेले.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं: 'अटेंडंटने परवानगीशिवाय निरीक्षण दार उघडले.' त्या दाराला परवानगी लागते हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होतो. ते दार बघण्यासाठीच असतं. कागदाखाली तीन सह्या होत्या. तिसरी माझी. साहेब म्हणाले होते, "फॉर्मॅलिटी आहे, फॅमिलीचा क्लेम लवकर सुटेल," आणि मी केली. का केली याचं उत्तर आहे माझ्याकडं, भ्यालो म्हणून केली. हा अनुभव सांगताना तेवढं झाकून ठेवणं बरं नाही.

ऑफ-सीझनला एकोणीसची कॉईल बदलली. तीच जाडी, तेच लोखंड, हेडर जसाच्या तसा. मी हटून बसलो की निदान चोवीसही कॉईलच्या तोंडाला तापमान मोजणारे थर्मोकपल लावा, म्हणजे कुठली तापतेय ते कंट्रोल रूममध्ये दिसेल. चोवीस चॅनेलचं यंत्र आलं. थर्मोकपल मात्र सहाच आले, आणि तेही बसवले एक ते सहा नंबरला, कारण तिकडं चढायला जिना जवळ. सगळ्यात सुरक्षित सहा कॉईल. बाकी अठरा चॅनेलवर नुसत्या आडव्या रेघा दिसायच्या. बाहेरून पाहुणे आले की साहेब ते यंत्र कौतुकानं दाखवायचे.

आता मुख्य गोष्ट.

पुढचा हंगाम, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळचे साडेदहा-पावणेअकरा. लख्ख ऊन, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. आमचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक शफीभाई मला शोधत वर्कशॉपमध्ये आला.

"सर, जरा पॅनलकडं चला," तो म्हणाला. "एकोणीस नंबर आकडा दाखवायलाय."

"एकोणीसला काही जोडलेलंच नाही."

"तेच तर बोलतोय मी."

जाऊन पाहिलं. सातपासून अठरापर्यंत रेघा, वीसपासून चोवीसपर्यंत रेघा. एक ते सहा साडेचारशेच्या आत, आणि मध्येच एकोणीसवर ५१२ अंश.

पहिली गोष्ट मी शफीभाईवरच वैतागलो. कुठली तरी वायर चुकून लागली असेल म्हणालो. त्यानं यंत्राची मागची पाठ उघडली. एकोणीसचे दोन्ही स्क्रू यंत्राच्या कंपनीतून आले तसेच, वर चिमूटभर बगॅसची धूळ. वायर नाही, तुकडा नाही. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. ५१९.

"बाजूच्या चॅनेलचा करंट घुसत असेल," मी म्हणालो. त्यानं खऱ्या सहाही थर्मोकपलच्या वायरी सोडल्या. एक ते सहा रेघा झाल्या. एकोणीस तसाच. ५२४.

शफीभाईनं कपाळावरचा घाम पुसला. "मेरेकू नक्को ये काम," हळूच म्हणाला, आणि तरी हलला नाही.

माझं डोकं अजून वडिलांसारखंच चालत होतं, रॉकेलचा वास शोधत. मी अटेंडंटला बगॅस टाकणारे दोन फीडर कमी करायला सांगितले. काही मिनिटांत आकडा उतरू लागला. ५०६ झाला. फीडर पूर्ववत केले. चढू लागला. पुन्हा तेच करून पाहिलं, पुन्हा तेच झालं. बिघडलेलं यंत्र कसेही आकडे दाखवील, पण जाळ वाढला की वाढणारे आणि कमी झाला की कमी होणारे नाही दाखवणार. ते कशाचं तरी तापमान होतं.

मग तो थांबेना. ५४०. ५५५. तेव्हा मला आठवलं की त्या दिवशी वरच्या प्लॅटफॉर्मवर, नेमकं त्या दारासमोर, कंत्राटदाराची चार माणसं पाइपावर पत्रा चढवत होती. मी जिन्यावरून ओरडत वर गेलो. त्यांना हत्यारं तिथंच टाकायला लावली, चौघांना माझ्यापुढं घालून खाली आणलं. आणि बॉयलर बंद करायला सांगितला.

वाफ तुटली की मिल थांबते. पाच मिनिटांत साहेब कंट्रोल रूममध्ये.

"कुणाच्या परवानगीनं?"

मी आकडा दाखवला. ५६१.

साहेबांनी मागं जाऊन रिकामे स्क्रू पाहिले. परत आले तेव्हा चेहरा लाल झाला होता. "जिथं वायर नाही तिथल्या रीडिंगवर तुम्ही बॉयलर बंद केलात? इंजिनिअर आहात की मांत्रिक?"

सगळ्या नोकरीत मला एवढं कुणी टोचून बोललं नव्हतं. कारण मीही तेच म्हणालो असतो.

"साहेब, दोन तास द्या. जाळ उतरू द्या, मी स्वतः दारातून बघतो."

"दोन तास? बाहेर रांग बघा. शफी, हे डबडं बंद कर आधी."

शफीभाई खाली बघत उभा राहिला. साहेबांनी अटेंडंटकडं पाहिलं, तोही जागचा हलेना. तेव्हा साहेबांनी स्वतः पुढं होऊन फीडरचं बटण दाबलं. जाळ अजून धगधगत होताच, बगॅस पडताच पेटला.

मी म्हणालो, "निदान वर कुणी जाणार नाही."

"जाणारच. चौघांना कामावर पाठवा."

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, दोन्ही कठडे धरून. ती चार माणसं समोर उभी. साहेब मागून बोलत होते. माझी नोकरी, माझी लायकी, सगळं त्यांनी काढलं, फक्त जात तेवढी राहिली, आणि तीही ओठांवर आली होती हे मला दिसत होतं. असं किती वेळ चाललं माहीत नाही. दहा मिनिटं असतील.

मग वर फुटलं. आधी धाड असा आवाज, मग नुसती वाफेची शिट्टी, कानाचे पडदे फाटतील अशी. ते छोटं दार उडून कठड्यावर आदळलं. प्लॅटफॉर्म दिसेनासा झाला. त्या धुरळ्यात कुणीच नव्हतं.

बॉयलर बंद करून शफीभाई पॅनलजवळ गेला. एकोणीसवर रेघा आल्या होत्या. त्यानंतर आजपर्यंत तिथं आकडा उमटलेला नाही.

दोन दिवसांनी आत शिरलो. एकोणीस नंबर, वरून तिसऱ्या वळणाजवळ, माशाच्या तोंडासारखी फाटलेली.

साहेबांनी रिपोर्टचा मसुदा माझ्यापुढं ठेवला: 'नव्या अद्ययावत मॉनिटरिंग यंत्रणेमुळे संभाव्य दुर्घटना टळली.' एकोणीसला थर्मोकपल बसवलेला होता असं मी लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, नव्हता. ते म्हणाले, मग आकडा कसा आला, सांगा. मला सांगता येईना. तेव्हा ते हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही.

मी सही केली नाही. उलट त्याच दिवशी दुसरा कागद लिहिला, की मल्लीअण्णांच्या चौकशीवरची माझी सही मी मागं घेतो, निरीक्षण दाराला परवानगीचा नियम नव्हता, आणि एकोणीस नंबर तापतेय हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सोबत लॉगबुकाच्या पानाची झेरॉक्स. बॉयलर तपासायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या हातात दिला. माझी नोकरी महिन्याभरात गेली. चौकशी मात्र पुन्हा उघडली, अण्णांच्या नावापुढची चूक काढून टाकली गेली, आणि हेडर बदलण्याचा लेखी आदेश झाला. माझ्याच ड्रॉइंगप्रमाणं बदललाय म्हणे. शफीभाई फोनवर सांगतो, चोवीसही कॉईल आता एकसारख्या काळ्या दिसतात.

ते यंत्र कंपनीच्या माणसानं उघडून तपासलं. दोष नाही. मी स्वतः तीन जाणकारांना विचारलं. प्रत्येकानं काहीतरी सांगितलं, आणि प्रत्येकाचं म्हणणं फीडरच्या त्या चाचणीपाशी येऊन अडलं.

नवा निकाल हातात पडला तेव्हा मी मुडबीला गेलो. अण्णांच्या बायकोला, शांताक्कांना, ओसरीवर बसून सगळा वाचून दाखवला. मग ते आकड्याचंही सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल. लोक म्हणतातच ना, अण्णाच आले होते.

शांताक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चार माणसं वाचली, लई चांगलं झालं. पर ते अण्णा होते असं मला सांगू नगा, सर. अण्णा जित्तेपणी सांगून ऱ्हायले, तवा कुणी ऐकलं न्हाई. आन् दुसरं कोण आसंल, तर त्याला इचारा, आमच्या माणसाच्या येळंला कामून न्हाई आलास?"

मी कागद त्यांच्या हातात दिला आणि निघालो.

तो आकडा कुठून आला, मला अजून माहीत नाही. वाचणाऱ्यांत कुणी जाणकार असेल तर जरूर लिहा, शिव्या घालायच्या तरी घाला. एक मात्र लिहू नका, की अण्णांची वेळ भरली होती. त्यांची वेळ भरली नव्हती. हेडर चुकीचा होता, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.