माया न ठेवलेला झगा

रोज सकाळी प्रार्थना आटोपली की मी वहीत चार ओळी लिहिते. घरी कोण आलं, कुणाची तब्येत कशी, देवाकडे काय मागितलं. लग्न झाल्यापासूनची सवय आहे. मागच्या वहीत मात्र पानामागून पान एकच नोंद सापडते: "वन्सं – झालं." ती वही उघडायची मला आता भीती वाटते.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. बेतणं आणि कापणं त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. अंगाने भारदस्त. "माझं माप घ्यायचं तर टेपला टेप जोडा," असं स्वतःच म्हणायच्या आणि समोरची बाई हसायच्या आत हसून घ्यायच्या. ते आधी हसणं कशासाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कामात त्यांचा एक नेम होता. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं तर शिवण उसवून कपडा तेवढा सैल करता येतो. वन्सं कुणाच्याही कपड्यात दोन बोटं माया ठेवायच्याच. "आज आहे तेवढीच बाई उद्या कुठे असते?" म्हणायच्या.

गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. ते नीट पारही पडलं. घरी सोडताना आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "पोट आता मुठीएवढं आहे. एका वेळी चार-पाच चमचे, अगदी सावकाश. प्रोटीनची पावडर आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर चुकवायच्या नाहीत. घरातल्या कुणीतरी रोज लिहून ठेवा."

मी लगेच म्हटलं, "मी लिहीन. माझी वही आहेच."

पहिले दोन महिने मी समोर बसून भरवल्यासारखं खाऊ घातलं. चमचाभर दही गिळायला पाच मिनिटं. एकदा अंड्याचा तुकडा घाईने गेला आणि अर्धा तास मोरीत उलट्या. त्या दिवशी तोंड पुसत त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही समोर बसून माझे घास मोजता. ते घशातच अडकतात. मी आपली कामाच्या खोलीत खाईन."

मला पटलं. ताटली झाकून ठेवून यायची आणि तासाभराने स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, "वन्सं, झालं का?"

"झालं!" मशीनच्या खडखडाटातून उत्तर यायचं. ताटली धुऊन-पुसून परत. मी लिहायची: झालं.

वजन भराभर उतरलं. गिऱ्हाइकं दारातच थबकायची. "अगंबाई, मास्तरीणबाई कुठे गेल्या? तुम्ही त्यांच्या धाकट्या बहीण का?" सगळ्या हसायच्या. वन्सं तेवढ्या हसायच्या नाहीत. माप घेण्याच्या कोपऱ्यातल्या मोठ्या आरशावर त्यांनी चादर टाकली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यात अजून तीच उभी असते. तुम्हाला नवी दिसते, मला जुनीच." मग दंडाखालची लोंबती कातडी चिमटीत धरून, दुसऱ्या हातात टाचणी घेऊन विचारलं, "हे कुठे टाचू, सांगा." मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत.

त्यांचा एक निळा झगा होता. दर आठ-दहा दिवसांनी शिवणी आत घेऊन तो लहान करायच्या. एका दुपारी पाहते तर शिवणीच्या आतलं कापड कात्रीने सरळ छाटत होत्या.

"अहो, माया कापताय?"

"माया ठेवली की अंगाला कळतं, परत यायला जागा आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मला ते खटकलं. तरी संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "देवा, वन्संना दिलास तसा संयम मलाही दे." ते वाक्य मी खोडलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे.

मग एकेक दिसायला लागलं. शिवणीत त्यांचे केस अडकलेले. चालताना पायातली चप्पल मागे राहायची आणि त्या तशाच पुढे जायच्या, पत्ताच नसायचा. खोलीत मुंग्यांची एक रांग भिंतीकडेने चिंध्यांच्या पोत्यात शिरायची. मी झाडून टाकायची, दुसऱ्या दिवशी रांग तिथेच.

एके दिवशी जेवणवेळेला शाळेतल्या बाई पांढरा झगा न्यायला आल्या होत्या. वन्सं खालची दुमड शिवत होत्या. अचानक बाई किंचाळल्या, "मास्तरीणबाई, बोट! बोट!"

मी धावत गेले. मशीनची सुई बोटाच्या टोकातून आरपार जाऊन आली होती, आणि वन्सं शिवतच होत्या. पांढऱ्या कापडावर लाल ठिपक्यांची ओळ. त्यांनी बोटाकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचं पाहावं तसं. "दुखत नाही हो," म्हणाल्या आणि उठायला गेल्या. पाय सरकलेच नाहीत. त्या बसल्या जागी कलंडल्या.

बोट बांधायला म्हणून मी चिंध्यांचं पोतं ओढलं. आत कापडाच्या पुरचुंड्या. एक सुटली: पावाचा तुकडा, सुकलेलं अंडं, वर मुंग्या. सेफ्टी पिनेसाठी गुंड्यांचा डबा उघडला. पांढऱ्या गुंड्यांत पांढऱ्या गोळ्या, पिवळ्यांत पिवळ्या, रंगाला रंग जुळवून नीट ठेवलेल्या. माझे हात तिथेच थांबले. शेवटी शाळेच्या बाईंनीच आपला रुमाल बोटाला बांधला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "खाणं कधीपासून बंद आहे?" मी वही पुढे केली. तेवढा एकच आधार होता माझ्याकडे. त्यांनी पाच-सहा पानं उलटली.

"झालं, झालं, झालं. काय झालं?"

मी वन्संकडे पाहिलं. हाताला सलाईन, डोळे छताला. त्या हळूच म्हणाल्या, "मी खोटं नाही बोलले, वहिनी. वेळ झाली, ताटली झाली. 'खाल्लं का' असं तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. आपल्याकडे 'झालं' म्हटलं की माणूस जेवला असं आपण धरून चालतो. मीही तेच केलं, आणि वर देवाचे आभार मानले.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "नसा उपाशी राहिल्यात. काही परत येईल, काही येणार नाही. पुन्हा खाणं आणि गोळ्या थांबल्या तर हात-पाय जातील. नुसते हात-पायच नाहीत, बाई."

त्याला आता दोन महिने झाले. वन्सं भिंत धरून चालतात. अंग थोडं भरलं तसा निळा झगा काखेत फाटला. उसवून सैल करायला आत काहीच नव्हतं. कात्री त्यांच्या हातात ठरत नाही, म्हणून आज नवा झगा बेतायला मी बसले. माप घेताना मी टेप सैल धरली. त्यांनी टोक हिसकून ती कमरेत रुतेल एवढी आवळली. मी सोडवून घेतली. पुन्हा सैल धरली.

"माया किती ठेवू?" मी विचारलं.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी दोन बोटं सोडून खडूची रेघ मारली. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"लागतोय का खडू?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दिसतोय फक्त."

दुपारी वन्संनी समोर बसून चार चमचे खाल्ले, गोळी माझ्यादेखत गिळली. मी वहीत लिहिलं: चार चमचे, एक गोळी. 'झालं' हा शब्द मी आता लिहीत नाही. संध्याकाळी खोली झाडताना पोत्याच्या तोंडाशी एक मुंगी दिसली. एकच. मी पोतं जमिनीवर उपडं केलं आणि एकेक चिंधी उलगडून पाहिली. मग गुंड्यांचा डबाही पालथा केला. वन्सं मशीनच्या स्टुलावरून बघत होत्या.

"सापडलं काही?"

"नाही."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. आणि खूप दिवसांनी हसल्या, माझ्या आधी.

मी चिंध्या भरायचं थांबवलं आणि आरशावरच्या चादरीच्या दुमडीही उलगडून पाहिल्या.