गोदूबाईने बांधलेला हात

"हा हात कोणी बांधला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा गोदूबाई मोठ्या अभिमानाने पुढे सरली आणि म्हणाली, "मी."

शाबासकी मिळणार अशी तिची खात्रीच होती. चाळीस दिवस तिने सुनेचा उजवा हात डोळ्यांत तेल घालून जपला होता. ललिताचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी नर्सने बजावलं होतं, या हाताने जड उचलायचं नाही, या हाताला सुई टोचू द्यायची नाही. गोदूबाईने ते मनावर घेतलं, आणि ती एखादी गोष्ट मनावर घेते म्हणजे काय, ते बेलपाड्यात कुणालाही विचारा. घरी आल्या आल्या तिने जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडली, सुनेचा हात छातीशी बांधला आणि हुकूम सोडला, "हा हात आता हलवायचा नाय." जड उचलायचं नाही, याचं हलवायचंच नाही कधी झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि ललिताला हात डोक्यावर न्यायला सांगितलं. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायच्या मशिनखाली उताणं झोपून हात तसाच धरावा लागतो, तरच किरण नेमके जागेवर पडतात. ललिताचा हात खांद्यापर्यंतही आला नाही. ओठ चावून तिने जोर लावला, तशी काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली दोरीसारखी शीर ताठ उठली आणि ती कळवळली.

"हात आखडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन आठवडे देते. तेवढ्यात हात वर जायलाच हवा. शेक लांबला तर कॅन्सर उलटायची भीती आहे."

गोदूबाई बाकावर बसली ती बसलीच. मुलगा हरेश द्रोणागिरीच्या गोदामात ड्यूटीवर होता ते बरंच झालं, नाहीतर त्याला तोंड कसं दाखवलं असतं?

आता खरं सांगायचं तर गोदूबाई काही मायेची मूर्ती नव्हती. सोळा वर्षं तिने या सुनेला धारेवर धरलं होतं. कालवणात मीठ कमी, भाकरी जाड, अंगण झाडलं तर कोपरा राहिला. नवरा गेल्यापासून दगडखाणीत पाट्या वाहून तिने पोर वाढवलं, आणि आपल्याला जे सोसावं लागलं ते दुसऱ्यानेही सोसावं, असा तिचा न्याय. पण ऑपरेशननंतर छाती गुंडाळलेली ललिता दारात उभी राहिली, तेव्हा म्हातारीला असा काही हादरा बसला की ती आरपार बदलली. सुनेला स्वतःच्या हाताने घास भरवायची, ऑपरेशनआधीच्या केमोने गळून उरलेसुरले केस हलक्या हाताने विंचरायची. शेजारणींनी तोंडात बोटं घातली. आणि ज्या मायेचं गाव कौतुक करत होतं, तिनेच घात केला होता.

डॉक्टरीणबाईंनी पनवेलच्या एका वर्गाची चिठ्ठी दिली. अशाच ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी चटईवरचे व्यायाम आणि नाच.

"नाच?" गोदूबाई उसळली. "हिचा ऊर कापलाय नि तुमी हिला नाचाया धाडताय?"

पण धाडावं लागलं. एका दवाखान्याच्या माडीवर हॉल होता. नऊ-दहा बायका चटया टाकून बसल्या होत्या, आणि चक्क हसत होत्या! त्यांतली जमिला पनवेलच्या बाजारातली, कापडवाल्याची बायको. तिने बुरखा घडी करून बाजूला ठेवला, कुर्त्यात हात घातला, बाजरी भरलेली गोल पिशवी बाहेर काढली आणि चटईशेजारी ठेवून दिली.

"काय बघता, खाला? गेलेल्या स्तनाच्या जागी घालते, घरीच शिवलीय," ती म्हणाली. "अल्लाच्या मेहेरबानीने ऑपरेशनला सात वर्षं झाली. व्यायाम करताना फार गरम होतं हिने."

गोदूबाईने आ वासला तो मिटायचा राहिला. असली गोष्ट चारचौघींत काढून ठेवायची, आणि वर हसायचं!

वर्ग घेणारी मिताली वयाने लहान, पण कामाला कडक होती. तिने ललिताला उताणं झोपवलं, दोन्ही हातांत काठी दिली आणि डोक्याकडे न्यायला लावली. ललिता ओरडली. गोदूबाई धावत चटईवर चढली, चपलांसकट. "पुरं! टाकं फुटतील तिचं!"

"टाके केव्हाच सुकलेत, आजी," मिताली म्हणाली. "घरी हे रोज तीनदा करून घ्यायचं. आणि ते तुम्हीच करून घ्यायचं."

म्हातारी हबकली. घास भरवणं सोपं होतं. सुनेला रडवायचं आणि तरी तिच्या भल्यासाठी थांबायचं नाही, हे कसं करायचं? पण केलं. ललिता स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायची, गोदूबाई शेजारी उभी राहून "अजून गो, अजून जरा" म्हणायची, आणि मग मोरीत जाऊन स्वतः रडून यायची. हात खांद्याच्या वर गेला, कानापर्यंत पोचला आणि तिथे अडला तो अडलाच. अडीच आठवडे उलटले. मुदतीला चार दिवस उरले.

त्या दिवशी मितालीने हळदीचा ठेका लावला. सगळ्या नाचू लागल्या. ललिताचा डावा हात वर, उजवा कानाशीच. तिची नजर त्या हातावरून हलेना.

"आजी, तुम्ही समोर नाचा. हिला हाताकडे बघू देऊ नका," मिताली म्हणाली.

"मी?" गोदूबाई दोन पावलं मागे सरली. "मी विधवा बाई. आमच्यात विधवा हलदीला नाय नाचत. तीस वर्षं पाय उचलला नाय मी."

"इथे कुठे हळद आहे, खाला?" जमिला म्हणाली. "इथे नुसत्या चटया आहेत."

गोदूबाईने सुनेकडे पाहिलं. चार दिवस, फक्त चार. तिने पदर खोचला आणि दोन्ही हात वर फेकले. एकेकाळी तिच्याशिवाय बेलपाड्याच्या हळदीला रंग चढत नसे, हे ललिताने फक्त ऐकलं होतं. आता ती थक्क होऊन बघतच राहिली. सासूचे हात डोक्यावर फिरत होते, पाय ठेक्यावर पडत होते, आणि बघता बघता तिचेही हात त्यांच्या मागोमाग उठले. एकाएकी काखेत तटकन काहीतरी तुटल्यासारखं झालं. ललिता किंचाळली. गोदूबाई नाच टाकून धावली. आता आपण हिला मारलंच, असं तिला वाटलं.

मितालीने काख चाचपली. "ताणलेली दोरी सुटली, एवढंच. घाबरू नका. हात कुठे आहे बघा."

हात डोक्यावर होता.

चौथ्या दिवशी मशिनखाली शेकाची मापं घेतली गेली. ललिता बाहेर आली आणि गोदूबाईने इतके दिवस धरून ठेवलेलं बोलून टाकलं. "माफ कर गो मला. माझ्या अडाणीपणानं तुजा जीव गेला असता."

ललिता खालच्या आवाजात म्हणाली, "मला ठाऊक होतं, आई. हॉस्पिटलातून सोडलं त्या दिवशी तुमी औषधं आणाया गेल्या होत्या. तेव्हा नर्सनी सगळे व्यायाम दाखवले. रोज हात हलवायचा, बोलल्या होत्या."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी पट्टी सोडली असती. मंग भरवलं नसतं, केस विंचरले नसते." तिने मान खाली घातली. "सोला वर्षांत पैल्यांदा तुमी मला मायेनं हात लावला."

गोदूबाई सुन्न झाली. पट्टीची लाज होतीच. त्याआधीच्या सोळा वर्षांची लाज तिच्याहून कितीतरी मोठी निघाली. पोरीने घासभर मायेसाठी जीव पणाला लावला होता, आणि तो घास आपण इतकी वर्षं दिला नव्हता.

"आता हात बरा झाला, आई," ललिता म्हणाली, आणि भेदरल्या डोळ्यांनी सासूकडे बघत राहिली.

गोदूबाई तिथेच, नंबर लावून बसलेल्या त्या सगळ्या लोकांसमोर, मटकन खाली बसली आणि सुनेचे गुडघे धरून मोठ्याने रडू लागली.