डिक्कीच्या कुलपातलं कुंकू

मामाजींच्या अस्थी स्मशानातून आणल्या तेव्हा त्या ठेवायच्या कुठं हा प्रश्न पडला. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे अस्थी घरात घेत नाहीत. नदीवर नेईपर्यंत बाहेर झाडाला बांधून ठेवतात. आमच्या दारात कडुनिंब होता, पण बाभुळगावातला रस्ता रुंद केला तेव्हा तो गेला. अस्थींचा लोटा घेऊन सगळे पुरुष अंगणात उभे राहिले. मग काकाजी, म्हणजे मामाजींचे धाकटे भाऊ, म्हणाले, "गाडीत ठेवा. त्याचीच तं हाय."

गाडी म्हणजे जुनी पांढरी अँबॅसडर. मामाजींनी ती तीस-पस्तीस वर्षं भाड्यानं चालवली. लग्नं, दवाखाने, लेकीबाळींची ने-आण. धंदा बंद केल्यावरही ती विकली नाही. रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. कुणी टेकून उभं राहिलं की ओट्यावरून ओरडायचे. शेवटची दोन वर्षं ते खाटेवर होते आणि गाडी दारात उभी होती. माझे मालक महिन्यातून एखाद वेळी ती चालू करून चौकापर्यंत फिरवून आणत, तेवढंच.

पांढऱ्या फडक्यात बांधलेला लोटा डिक्कीत ठेवला. धंदा बंद झाल्यापासून डिक्की नुसती लोटलेली असायची, कुलूप कुणी लावत नव्हतं. पण त्या दिवशी मालकांनी लावलं. किल्ली अडत होती, ती त्यांनी दाबून फिरवली. मी ओट्यावरून बघितलं होतं.

दहाव्याच्या सकाळी सगळे वर्धा नदीवर निघायला तयार झाले. भटजी नदीवर येऊन थांबणार होते. मालकांनी किल्ली घातली तर ती अर्धीच गेली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. काकाजींनी घालून बघितली. शेवटी लोहारा गावाहून गाड्यांचा मिस्त्री बोलावला. तो स्कूटरवर पिशवी लटकवून आला. कुलपात तेलाचा फवारा मारला, थोडं थांबला, किल्ली घालून हलवली.

"जोर लावला तं किल्ली तुटन भाऊ. मंग अजून फजिती."

"मांगची सीट काढून जाता येत नाई का?" मालकांनी विचारलं.

मिस्त्रीनं सीट काढली, आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "आलं असतं. पण बुढ्यानं आतून पत्रा मारून ठेवला, वेल्डिंग करून. उंदीर नाई जाणार."

"लोकाचं सामान राहे डिक्कीत," काकाजी म्हणाले. "चोरी नाई झाली पाह्यजे म्हणून मारला त्यानं."

"मंग कटर लावा लागते. कुलपाच्या भवताल गोल कापतो. पाच मिनटाचं काम."

काकाजी पुढं झाले. "आतमंदी माहा भाऊ हाय. ठिणग्या पाडतं का त्याच्या अंगावर?"

"मंग छिन्नी-हातोडा."

"डोक्यावर हातोडा मारतं?"

मिस्त्री बिचाऱ्यानं हातोडा परत पिशवीत टाकला. त्याचं तरी काय चुकलं? माझी नणंद मालकांवर चिडली. "दादा, तू कुलूपच काहून लावलं गा?"

"गाडी रस्त्यावर हाय. कुत्रे हिंडते. उघडी ठिवू का?"

"बाबाच आतून धरून बसले असन," नणंद म्हणाली. "नदीवर कोणी गाडीले टेकन म्हणून." दोघं-तिघं हसले आणि ती स्वतः पदर तोंडाला लावून रडायला लागली.

ऊन चढत होतं. भटजींचा फोन दोनदा आला. काकाजी डिक्कीपाशी मुंडासं काढून बसले होते. ते कुणाकडे न बघता म्हणाले, "दहावा टळला तं तो कोठं जाईन?"  मालकांनी मिस्त्रीला हळूच सांगितलं, "लावा कटर."

मिस्त्रीनं आधी किल्ली उपसून काढली आणि टोक अंगठ्यानं पुसलं. अंगठ्यावर लाल-पिवळं आलं. "गंज पाहा किती," तो म्हणाला.

तो गंज नव्हता. मी दारात उभी होते तिथून मला ते ओळखू आलं.

दर दसऱ्याला गाडीची पूजा मी करायची. लग्न होऊन आले त्या वर्षी मामाजींनीच ताट माझ्या हातात दिलं होतं. समोर दिव्यांना, चाकांना, मग मागं डिक्कीला. डिक्कीच्या मधोमध कुलपाची गोल चकती होती. हळदीचं ओलं बोट तिथंच टेकायचं, वर कुंकू, वर अक्षता. दुसरीकडे कुठं लावावं असं कधी मनातच आलं नाही. इतक्या वर्षांत तिथं माझं किती कुंकू गेलं असेल! आणि ते सगळं आत जाऊन दगडासारखं बसलं होतं. मामाजी आतमध्ये माझ्यामुळे अडकले होते.

मला चार माणसांत बोलता येत नाही. काकाजींसमोर तर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पण मिस्त्री कटरची वायर घरात लावायला माझ्याच बाजूनं आला. मी दारातून हलले नाही. नणंदेला म्हटलं, "गंज नोहे तो. कुंकू हाय. माहं."

नणंद मोठ्यानं म्हणाली, "वैनी म्हणते कुलपात कुंकू हाय! दसऱ्याले डिक्कीलेच देवी समजून थापलं वाटते हिनं!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कान तापले. तरी मी बोलले, "तेलानं नाई सुटत ते. पाण्यानं फुगते. मी देव घासतो तवा मूर्तीच्या कानात असंच बसते."

मिस्त्री म्हणाला, "कुलपात पाणी? वैनी, गंजन ना ते."

काकाजी म्हणाले, "अन् कापल्यावर नाई का गंजत? करू दे तिले."

मी कोमट पाणी आणलं. कापसाच्या वातीनं थेंब थेंब कुलपात सोडलं आणि थांबले. मागं सगळे उभे होते. मग मला टोकदार काहीतरी हवं होतं. खराट्याची काडी घातली, ती मऊ पडून वाकली. मालकांनी मामाजींचा किल्ल्यांचा जुडगा पुढं केला. "ह्याच्यात एक तार हाय, पाह्य."

ती तार नव्हती. बाईच्या केसांतला काळा आकडा होता, सरळ करून टोकाशी थोडा वाकवलेला. मी तो कुलपात घालणार तेवढ्यात टोकाकडे लक्ष गेलं. ते आधीच लाल होतं. वाळलेलं, जुनं लाल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामाजी दरवर्षी गाडीच्या मागं घराकडे पाठ करून बसायचे. बराच वेळ बसायचे. मला वाटायचं, गाडीशी बोलतात. एकदा मी मालकांना तसं म्हटलंही होतं आणि आम्ही हसलो होतो. दोन वर्षांपासून ते खाटेवर होते, म्हणजे दोन दसरे तिथं कुणी बसलं नव्हतं.

एवढा ओरडणारा माणूस. मला एकदाही म्हणाले नाहीत, सूनबाई, तिथं लावू नको.

डोळ्यांना धार लागली, पण हात थांबवून चालणार नव्हतं. आकड्यानं चिखल ओढत राहिले. लाल, पिवळा, मग काळा. अक्षतेचा एक तुकडा निघाला, तो मी मुठीत धरला. पुन्हा पाणी, पुन्हा आकडा. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर कोरड्या वातीनं पुसलं आणि मिस्त्रीकडे बघितलं. त्यानं आता तेल सोडलं. किल्ली मी घातली नाही, मालकांच्या हातात दिली. ती पूर्ण आत गेली. थोडी अडली, मग फिरली.

डिक्की वर झाली. लोटा कोपऱ्यात स्टेपनीला टेकून होता तसाच होता. काकाजींनी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. पत्र्याला साधा ओरखडाही नव्हता. मिस्त्री निघताना म्हणाला, "वैनी, दुकानात या आता कामाले," आणि मी आत पळाले.

त्याच गाडीनं सगळे नदीवर गेले. दहावा वेळेत झाला. संध्याकाळी मालक म्हणाले, "आता तेथं कुंकू लावत नको जाऊ." मी हो म्हटलं.

यंदाच्या दसऱ्याला ताट घेऊन गाडीच्या मागं गेले. बोट चार अंगुळं वर नेलं, पत्र्यावर. तिथं ते परक्याच्या दारात लावल्यासारखं वाटलं. मग नेहमीच्या जागी लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट पाणी, वात आणि जुडगा घेऊन घराकडे पाठ करून तिथं बसले. ओट्यावरून मालकांनी विचारलं, "काय करून राह्यली वं?"

"काई नाई," मी म्हटलं.

शेवटी किल्ली घालून बघितली. अडली नाही.